बेसूर होण्याची मुभा

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू आहे आणि समोर बसलेली चार माणसे आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसली आहेत, हे चित्र आता कोणत्याही घरात नवे राहिलेले नाही. एखाद्या मुलीने मध्येच तार गंधार लख्ख लावला तर क्षणभर माना वर होतात, ‘छान गाते हो’ असे कोणीतरी म्हणते, तेवढ्यात पडद्यावर परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागतात आणि माना पुन्हा खाली जातात. मला कोडे पडते ते याचे, की ती मुलगी खरोखरच छान गात असते. ठाण्यातल्या एका गायनवर्गात मी हौसेने मुलांना पेटीची साथ करतो. तिथे येणारी दहा-बारा वर्षांची मुले ज्या तयारीने येतात, ती पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या वयाच्या मुलांत क्वचितच दिसत असे. अवघड हरकत मोबाइलवर निम्म्या गतीने लावून ती पुन्हा पुन्हा ऐकायची आणि गळ्यावर चढवायची, ही सोय आमच्या पिढीला नव्हती. म्हणजे गाणारे सुधारले आहेत, वाद्यवृंद मोठे झाले आहेत, मंचावर पैसा दिसतो आहे, आणि तरीही या स्पर्धांबद्दल दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये किंवा कचेरीत कोणी अवाक्षर काढत नाही.

याची ठरलेली उत्तरे सगळ्यांना माहीत आहेत. यूट्यूब आले, ओटीटी आले, वाहिन्या वाढल्या, पर्वामागून पर्वे निघाली आणि माणसे कंटाळली. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती मला अपुरी वाटतात. क्रिकेटचेही अजीर्ण व्हावे इतके सामने आता होतात, तरी शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असल्या की माणसे खुर्चीच्या कडेला येऊन बसतातच, कारण तिथे काय होईल ते कोणालाच ठाऊक नसते आणि जे होईल ते प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून समजते. गाण्याच्या स्पर्धेत या दोन्ही गोष्टी एकेकाळी होत्या. श्रोत्याला तिथे एक काम होते आणि ते काम हळूहळू त्याच्याकडून काढून घेतले गेले, असे माझे म्हणणे आहे.

स्पर्धेतून गायक मिळणे ही टीव्हीची देणगी नव्हे. महेंद्र कपूर हे मेट्रो-मर्फी स्पर्धेतून पुढे आले, तेव्हा आपल्याकडे घरोघरी टीव्ही असण्याचा प्रश्नच नव्हता. सुरेश वाडकर १९७६ मध्ये सूर-सिंगार या संस्थेची स्पर्धा जिंकले आणि पुढच्याच वर्षी हरिहरन. या स्पर्धांना संगीतकार परीक्षक म्हणून बसत आणि त्यांना आवडलेल्या आवाजाला ते थेट स्टुडिओत बोलावत. हरिहरन यांना संगीतकार जयदेव यांनी असेच बोलावले. पण त्या खोलीत काय झाले, कोणाचा सूर कुठे हलला, कोणाला कशासाठी नाकारले, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला निकाल तेवढा कळत असे, तोही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून.

झी टीव्हीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा त्या खोलीचे दार प्रथमच उघडले. गजेंद्र सिंग यांचे दिग्दर्शन, तरुण सोनू निगमचे सूत्रसंचालन, आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवर ओ. पी. नय्यर, खय्याम या संगीतकारांसारखी, एरवी केवळ तबकडीच्या वेष्टनावर नाव वाचलेली माणसे. आजच्या मानाने तो कार्यक्रम फार साधा होता. गाणारा येई, गाई, परीक्षक त्याला काय जमले आणि काय नाही ते सांगत, गुण देत आणि पुढचा येई. पहिल्या वर्षी आपली संजीवनी भेलांडे जिंकली, पुढे बेला शेंडे जिंकली, आणि मुलांच्या एका विशेष भागातून श्रेया घोषाल नावाची मुलगी लोकांसमोर आली. साधारण त्याच सुमारास दूरदर्शनवरच्या ‘मेरी आवाज सुनो’मधून सुनिधी चौहान आली. या नावांची यादी देऊन स्पर्धांची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. त्या दिवसांत आमच्यासारख्या, घरात गाणे नसलेल्या लोकांना प्रथमच ‘इथे लय सुटली’, ‘शब्द सुरात विरघळला नाही’, ‘अंतऱ्याला जाताना श्वास चुकीच्या जागी घेतला’ अशी वाक्ये ऐकायला मिळाली, आणि ती ज्या गाण्याबद्दल बोलली जात होती ते गाणे नुकतेच कानावरून गेलेले होते, म्हणून ती पटकन समजलीही. पुस्तक वाचून कान तयार होत नाही, तो असा होतो.

मराठीत या गोष्टीचा कळस झाला तो २००८-०९ मध्ये, ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्स पर्वात. त्या पर्वाविषयी आता इतके हळवे बोलले जाते की त्यात नेमके काय होते हे बाजूलाच राहते. आळंदीची कार्तिकी गायकवाड, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि पुण्याची आर्या आंबेकर, ही शेवटची पाच मुले पाच वेगवेगळ्या गावांतूनच नव्हे, तर पाच वेगवेगळ्या गाण्यांतून आलेली होती. कार्तिकीच्या गळ्यात वारकरी घरातले अभंग आणि गवळण होती, प्रथमेशच्या गाण्यात कोकणातल्या भजनाचे आणि नाट्यसंगीताचे वळण होते, आर्याकडे पुण्याची रीतसर तालीम होती, रोहितला चित्रपटगीताचा जोश साधत होता, आणि मुग्धा तर इतकी लहान होती की ती गाण्यातल्या कोणत्या जागेला धिटाईने भिडेल हेच पाहत राहावे. त्यांना एका मापाने मोजता येत नव्हते, म्हणूनच मोजण्याचा प्रयत्न रंजक होता. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते परीक्षक होते, पल्लवी जोशी मुलांशी मुलांच्या उंचीवर येऊन बोलत होत्या, आणि गुण आकड्यांत न देता सुरांत दिले जात होते. आज ‘ध’ मिळाला, उद्या ‘नी’ मिळाला, आणि ‘वरचा सा’ मिळाला की तो सण वाटे, कारण तो रोज मिळत नसे.

त्या काळात आमच्या घरी जी भांडणे होत त्यांची मला आज आठवण येते. माझी एक आत्या, जिने आयुष्यात कधी पेटीला हात लावला नव्हता, ती जाहिराती लागल्या की ठामपणे सांगे, की आज अमक्याने गाणे आपल्या पट्टीपेक्षा वर धरले, म्हणून शेवटी त्याची ओढाताण झाली. पुष्कळदा परीक्षकही तेच म्हणत आणि मग आत्या आमच्याकडे अशा नजरेने पाही, की मारवा कोणी बांधला असे विचारले असते तर तिने तेही सांगितले असते. परीक्षकांनी उलटे मत दिले तर ती त्यांनाही सोडत नसे. कार्तिकी जिंकली त्या रात्री आमच्याकडे दोन तट पडले होते. आर्याच्या बाजूचे लोक तालमीचे महत्त्व सांगत होते आणि कार्तिकीच्या बाजूचे लोक म्हणत होते की आवाजात जे उपजत आहे ते तालमीने येत नाही. संगीताच्या चर्चासत्रात ज्या प्रश्नावर दिवसभर खल चालतो, त्याच प्रश्नावर एका मध्यमवर्गीय दिवाणखान्यात रात्री साडेअकराला आवाज चढले होते. हे मला त्या पर्वाचे खरे यश वाटते.

आणखी एक गोष्ट त्या मराठी पर्वांनी केली, जिची नोंद फारशी घेतली जात नाही. साथीदारांना नावे मिळाली. संगीत संयोजन करणारे कमलेश भडकमकर, बासरीवर अमर ओक, कीबोर्डवर सत्यजित प्रभू, तालवाद्यांवर नीलेश परब ही माणसे लोकांना चेहऱ्याने आणि हाताने ओळखू येऊ लागली. गाताना एखाद्या मुलाची लय डळमळली तर साथीदार त्याला कसे सावरून घेतात, हे दिसत असे. साथ करणाऱ्याचे काम किती वाद्यावरचे आणि किती गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे असते, ते मला इतक्या जवळून तिथेच प्रथम दिसले. आज मंचाच्या मागे एलईडीच्या पडद्यावर धबधबे कोसळत असतात आणि वाजवणारे अंधारात असतात.

मग हे बिघडले कुठे? पहिली खोट माझ्या मते एसएमएसवरच्या मतदानाने घातली, आणि ती गाण्याच्या स्पर्धा सर्वाधिक जोमात असताना घातली. २००४ मध्ये सोनीवर ‘इंडियन आयडल’ आले, पुढच्या वर्षी मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला आणि मराठी घरांतून दिवाळी झाली. निकाल प्रेक्षकांच्या हाती दिला, असे तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. पण प्रेक्षकाच्या हाती निकाल देणे आणि त्याच्या कानाला काम देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मत देण्यासाठी गाणे ऐकावे लागत नाही. आपला माणूस कोण, एवढे ठाऊक असले की पुरे. २००७ च्या तिसऱ्या पर्वात हे इतके उघडे पडले की त्याकडे काणाडोळा करणे अशक्य होते. कोलकाता पोलिसांत नोकरी करणारा दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत पोहोचले. दार्जिलिंगच्या डोंगरात मतांसाठी वर्गणी गोळा झाली. प्रशांत जिंकल्यावर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने केलेल्या हीन विनोदावरून सिलिगुडीत दंगल होऊन संचारबंदी लावावी लागली, आणि ज्या बिमल गुरुंग यांनी त्याच्या मतांसाठी डोंगर उठवला होता, त्यांनीच त्या ऑक्टोबरात, वेगळे गोरखालँड राज्य मागणारा गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष स्थापन केला. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या लोकांना आपली संख्या दाखवण्याची ती एक संधी होती आणि त्यांनी ती घेतली, यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. परंतु त्या निकालात गाण्याचा वाटा किती होता, असा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड होते.

उलट बाजूचे उदाहरण आता सर्वांना पाठ आहे. २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मधून अरिजित सिंग नावाचा मुर्शिदाबादकडचा एक मुलगा अंतिम फेरीच्या आधीच मतांअभावी बाहेर पडला, आणि पुढे सारा हिंदी चित्रपट त्याच्या आवाजावर चालला. लोक हे उदाहरण ‘हरलात तरी खचू नका’ या अर्थाने सांगतात. मला त्यातून दिसते ते एवढेच, की जी स्पर्धा हा आवाज ओळखू शकली नाही, तिच्यात ऐकण्याची यंत्रणाच नादुरुस्त होती.

दुसरी खोट परीक्षकांच्या खुर्चीतून आली आणि ती अधिक खोल गेली. सुरुवातीच्या ‘आयडल’ पर्वांत परीक्षक अनेकदा निष्ठुर होते, गाणाऱ्याची टर उडवत होते, आणि ते वाईटच होते. लहान मुलांच्या बाबतीत तर ते थांबायलाच हवे होते. पण निष्ठुरपणा टाळता टाळता आपण परीक्षणच टाळले. २०२१ च्या मे महिन्यात ‘इंडियन आयडल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांवरचा विशेष भाग झाला. टाळेबंदीमुळे चित्रीकरण मुंबईऐवजी दमणला चालले होते आणि पाहुणे म्हणून किशोरकुमारांचे पुत्र, गायक अमित कुमार आले होते. मंचावर त्यांनी सर्वांची स्तुती केली आणि नंतर मुलाखतीत सांगून टाकले, की आपल्याला तो भाग मुळीच आवडला नाही, सगळ्यांचे कौतुक करा असे आपल्याला आधीच सांगण्यात आले होते. त्या गदारोळात सुनिधी चौहान यांनीही सांगितले, की परीक्षक असताना त्यांनाही स्तुती करण्याचा आग्रह होई आणि म्हणून त्या त्यातून बाहेर पडल्या. ज्या बाई स्वतः एका स्पर्धेतून वर आल्या, त्यांनी हे म्हणावे, यात सारे आले. अभिजीत सावंतने त्याच सुमारास बोलून दाखवले, की हल्लीच्या स्पर्धांना गुणांपेक्षा स्पर्धक किती गरीब आहे आणि बूटपॉलिश करू शकतो का, यात जास्त रस असतो. हे तिघेही या व्यवहाराच्या आतले लोक आहेत. त्या पर्वाचा शेवट १५ ऑगस्ट २०२१ रोजी बारा तासांच्या अंतिम सोहळ्याने झाला. बारा तासांत किती गाणी आणि किती अश्रू झाले याचा हिशेब कोणी ठेवला असेल तर त्याला माझा नमस्कार.

गरिबीच्या कहाण्यांबद्दल मला एक प्रसंग सांगावासा वाटतो. आमच्या वर्गातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेच्या निवडफेरीला गेली होती. प्रसिद्ध परीक्षकांसमोर उभे राहण्याआधी निर्मितीसंस्थेच्या लोकांसमोर दोन-तीन चाळण्या होतात, हे बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. पहिल्या चाळणीत तिने एक भावगीत आणि एक लावणी म्हटली, समोरच्या तरुणाने ‘गळा मस्त आहे’ म्हटले, आणि मग विचारले की घरी काही अडचण आहे का. वडील बँकेत, आई शिक्षिका, आजी-आजोबा ठणठणीत. तो तरुण अगदी मनापासून, जणू तिलाच मदत करावी अशा सुरात म्हणाला, की काहीतरी आठवून बघ, एखादा संघर्ष असेलच. ती परत आली तेव्हा तिला हसू येत होते, तिच्या आईला मात्र राग आला होता. मला त्या तरुणाची कीव आली, कारण दोष त्याचा नव्हता. दर आठवड्याला येणाऱ्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ज्याची नोकरी टिकते, त्याला ठाऊक असते की सुरेल आवाज आता शेकड्याने मिळतात आणि रडवणारी कहाणी विरळा मिळते. त्याने दुर्मीळ वस्तू शोधली, इतकेच.

पण या कहाणीचा परिणाम ऐकणाऱ्यावर असा होतो, की गाण्याआधी चार मिनिटे गळक्या छपराचे घर आणि आईच्या हातांवरचे घट्टे पाहिल्यावर त्या मुलाचा निषाद किंचित उतरला होता, असे म्हणायला जीभ धजत नाही. म्हटले तर आपण दुष्ट ठरतो. माझ्या आत्याने २००८ मध्ये ज्या बेधडकपणे ‘पट्टी चुकली’ म्हटले, तसे आज म्हणणे शिष्टाचाराला सोडून होईल. श्रोत्याने काय करायचे ते ठरलेलेच असते: आधी गहिवरायचे, मग टाळ्या वाजवायच्या. परीक्षक उभे राहतात, पाहुणे उभे राहतात, कोणीतरी मंचावर धावत जाऊन मिठी मारते, आणि हे जर प्रत्येक गाण्यानंतर होणार असेल तर गाणे ऐकले काय आणि न ऐकले काय, फरक कोणता पडतो? ‘वरचा सा’ सर्वांनाच आणि रोजच मिळू लागला की बाकीचे सहा सूर कशाला हवेत?

त्यातच ध्वनीची गोष्ट आहे. सूर सरळ करून देणारे ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आले आणि आज त्याची भावंडे कोणत्याही साध्या स्टुडिओत असतात. ब्रिटनमध्ये ‘एक्स फॅक्टर’ या स्पर्धेच्या २०१० च्या पर्वात निवडफेरीतल्या आवाजांवर हे वापरल्याचे प्रेक्षकांच्याच लक्षात आले. त्यावर ओरड झाली, निर्मात्यांना ते कबूल करावे लागले आणि वापर थांबवावा लागला. आपल्याकडे चित्रीकरण झाल्यावर आवाजांचे मिक्सिंग होते, हे कोणी लपवत नाही. त्यात किती घासूनपुसून घेतले जाते ते प्रत्येक कार्यक्रमाचे त्याला माहीत. पण घरी बसलेल्याला जे ऐकू येते ते गुळगुळीत असते, एवढे नक्की. माणसाचा आवाज वरच्या सुरावर पोहोचण्याआधी जो निमिषभर चाचपडतो, ज्या चाचपडण्यामुळे तो पोहोचल्याचा आनंद होतो, तेच त्यातून निघून जाते. स्पर्धेला बेसूर होण्याची मुभा लागते. पडण्याची शक्यताच नसेल तर दोरीवरून चालणाऱ्याकडे कोण मान वर करून पाहील?

गाण्यांच्या निवडीचेही तेच झाले आहे. पहिल्या चार सुरांत ओळखू आले नाही तर प्रेक्षक वाहिनी बदलतो, असे गणित असल्यामुळे तीच पन्नास-साठ वर्षांची लाडकी गाणी पुन्हा पुन्हा येतात, दोन-अडीच मिनिटांत कापलेली, मधले संगीत तोडलेली, शेवटी एक उंच तान चिकटवलेली. मूळ गायकाच्या जितके जवळ जाल तितके कौतुक जास्त. आमच्या वर्गातल्या मुलांना मी कधी विचारतो की तुझ्या स्वतःच्या आवाजात हे कसे म्हणशील, तर काही मुले खरोखर गोंधळून बघतात, कारण आतापर्यंत त्यांना नक्कल हाच निकष सांगितलेला असतो. मग बाराव्या वर्षी हुबेहूब लताबाई झालेल्या मुलीने बाविसाव्या वर्षी काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही वाहिनीने दिलेले नाही. बहुतेक जणी दिवाळी पहाट, गणेशोत्सव आणि लग्नाच्या संगीतसंध्या करतात. तो सन्मानाचा रोजगार आहे, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही; पण स्पर्धेच्या जाहिरातीत दाखवलेले स्वप्न ते नव्हते. चित्रपटसंगीतालाही आता तशी गरज उरलेली नाही. एकच गाणे तीन-चार जणांकडून गाऊन घेऊन त्यातला एक आवाज ठेवायचा, ही तिथली सर्रास रीत आहे. ज्या मुलामुलींना खरोखर वेगळे काही सुचते ती आपले गाणे थेट यूट्यूबवर टाकतात आणि त्यांना निवडफेरीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण दिसत नाही.

मराठी वाहिन्यांनाही हे जाणवत असावे, कारण २०२१ मध्ये झी मराठीने लिटिल चॅम्प्सचे नवे पर्व आणले तेव्हा परीक्षकांच्या जागी बसवली ती तीच पाच मुले, आता मोठी झालेली. आम्ही ते पर्व पाहायला बसलो ते त्या पाचांसाठी, हे कबूल केले पाहिजे. नव्या मुलांपैकी किती जणांची नावे आज आठवतात, असा प्रश्न मी आमच्या घरात विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मुले गुणी होती. परंतु कार्यक्रमाचे आकर्षण स्पर्धकांकडून परीक्षकांकडे सरकले होते आणि आम्हाला ऐकायचे होते ते आमचेच तेरा वर्षांपूर्वीचे दिवस. ‘सूर नवा ध्यास नवा’ने काही पर्वांत महेश काळे यांच्यासारखा शास्त्रीय बैठकीचा माणूस बसवून गाण्याबद्दल बोलण्याची सोय ठेवली, सोनी मराठीने ‘इंडियन आयडल मराठी’साठी अजय-अतुल यांना आणले आणि पनवेलचा सागर म्हात्रे जिंकला. हे प्रयत्न वाईट नव्हते. पण कार्यक्रमाचा साचा हिंदीतून जसाच्या तसा आला की त्यात चांगला माणूस बसवूनही फार काही साधत नाही.

हे आपल्यापुरते नाही, याची नोंद करून पुढे जातो. ‘अमेरिकन आयडल’च्या दुसऱ्या पर्वाचा शेवट २००३ मध्ये तिकडे सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला होता, २०१६ मध्ये फॉक्स वाहिनीने तो कार्यक्रम बंद केला तेव्हा शेवटच्या भागाला त्याच्या साधारण एक तृतीयांश प्रेक्षक उरले होते. दोन वर्षांनी दुसऱ्या वाहिनीने तो पुन्हा सुरू केला, पण जुने दिवस परत आले नाहीत. ब्रिटनमधला ‘एक्स फॅक्टर’ तर त्याच्या नेहमीच्या स्वरूपात २०१८ नंतर झालाच नाही.

तरीही लोकांना गाण्याची चुरस नकोशी झाली आहे, असे मानायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण डबलबारी आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि मुंबईतल्या कोकणी वस्त्यांत दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात, एकाने म्हटलेल्या अभंगातला मुद्दा दुसरा उचलतो, कोपरखळ्या मारतो, गवळणीत चाल फिरवतो, आणि माणसे मध्यरात्र उलटून गेली तरी हलत नाहीत. त्यांची चलचित्रे मोबाइलवर आवडीने पाहिली जातात आणि खाली लोक कोणी कोणाला कुठे पेचात पकडले यावर वाद घालतात. तिथे बुवाचा आवाज बसलेला असू शकतो, मृदंगावरच्या पोराची लय एखाद्या वेळी पळू शकते, आणि ते सगळ्यांच्या कानांवर पडते. निकाल बहुधा कोणी जाहीर करत नाही. मांडवातून उठणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो किंवा आपल्याला ठाऊक आहे असे वाटते, आणि चहाच्या टपरीवर त्यावरून भांडणे होतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकानेही हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. त्याच्याकडे ‘वन्स मोअर’ होता, आणि तो सरसकट दिला जात नसे. नाट्यगृहात गायकनटाला त्याच पदासाठी एका प्रयोगाला तीन वन्स मोअर मिळत आणि दुसऱ्या प्रयोगाला एकही मिळत नसे, आणि का मिळाला नाही हे त्याला स्वतःला सर्वांच्या आधी कळलेले असे.

टीव्हीवरच्या स्पर्धेत हे परत आणणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. एक फेरी अशी ठेवता येईल की जिच्यात तंबोरा, पेटी आणि तबला एवढीच साथ असेल, गाणे पूर्ण म्हटले जाईल, चित्रीकरणानंतर आवाजाला हात लागणार नाही आणि तसे पडद्यावर लिहून सांगितले जाईल. स्पर्धकाचे घर, गाव, आईवडील यांची ओळख गाणे झाल्यावर होईल. परीक्षक उभे राहणार नाहीत. ते बसल्या जागेवरून एक जमलेली आणि एक हुकलेली जागा सांगतील आणि ती जागा पुन्हा ऐकवली जाईल, म्हणजे घरी बसलेल्यालाही ताडून पाहता येईल. मुलांना दुखावण्याचे त्यात काहीच नाही. आमच्या वर्गातल्या बाई हे रोज करतात, आणि मुले रडत नाहीत, उलट ती जागा पुढच्या आठवड्यात बसवून येतात.

अशी फेरी ठेवावी, असे मी ओळखीतल्या एका निर्मितीसाहाय्यकाला एकदा सुचवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, कल्पना चांगली आहे असे म्हणाला, आणि विचारले की त्या फेरीत पाहुणा म्हणून कोणत्या चित्रपटाची मंडळी आणता येतील.